निसरपूर : कुंभाराचे घर आणि नर्मदेचे पाणी

नर्मदा परिक्रमेची वर्णने आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असतील. उत्तर तटावरून चालणारा परिक्रमावासी धार जिल्ह्यात आला की कुक्षी तालुक्यात निसरपूर लागत असे. बाघची बौद्ध लेणी जिच्या काठी आहेत ती बाघनी नदी पुढे उरी नदीला मिळते आणि ते पाणी घेऊन नर्मदेकडे जाते. त्या पाण्याच्या काठी हे गाव वसले होते. धार म्हटले की आपल्याला पवारांचे संस्थान आठवते, दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यात झाला हेही आठवते. निसरपूरची बोली मात्र निमाडी, आणि नदीला हाक ‘नरबदा माई’ अशी.

नावाला खेडे, पण निसरपूर खरे तर बाजारपेठ होती. आसपासच्या पाड्यांवरचे भिल्ल-भिलाला आदिवासी, कापूस पिकवणारे शेतकरी, दुकानदार, मासेमार कहार, विटा भाजणारे कुंभार अशी सगळी माणसे एकमेकांच्या आधाराने जगत. जवळच कोटेश्वरचा घाट, म्हणून यात्रेकरूंचीही ये-जा. पावसाळ्यात नदी गाळ टाकून जायची. शेतकऱ्याला त्यातून पीक मिळे, कुंभाराला माती.

५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी गुजरातेत या नदीवरच्या धरणाची कोनशिला बसवली. डिसेंबर १९७९ मध्ये नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आला. महाराष्ट्रातली ३३ गावे, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, त्यातच बुडणार होती. निवाड्याची एक गोष्ट आम्हाला आजही मोठी वाटते. पैशांवर भागवायचे नाही, शेतकरी कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, निदान दोन हेक्टर, आणि तीही पाणी चढण्याआधी. सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरला जाणार होता.

इथे राजांच्या पहिल्या पुस्तकातला नाबोथ आठवल्याशिवाय राहत नाही. अहाब राजाने त्याला दोन पर्याय दिले होते : याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथाने दोन्ही नाकारले. निमाडात झाले असे की जमीन मागे पडली आणि रोख पुढे आली. त्या पैशांतून जमीन घेताना दलालांनी खोटी खरेदीखते केली. ते प्रकरण इतके वाढले की उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती झा आयोग नेमला. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन हेक्टरांच्या बदल्यात ६० लाख रुपये देण्यास सांगितले, आणि ३१ जुलैपर्यंत गावे रिकामी करण्यासही. मेधा पाटकर याच तालुक्यातल्या चिखलद्याला उपोषणाला बसल्या. पलीकडच्या दक्षिण तटावर, बडवानीजवळ कसरावदला, बाबा आमटे १९९० पासून सुमारे दहा वर्षे राहिले होते.

पण नाबोथाजवळ निदान मळा होता. ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांचे काय? धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही यिर्मयाचा अठरावा अध्याय शिकवतो. परमेश्वर संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी पाठवतो. बिघडलेले भांडे कुंभार टाकून देत नाही, त्याच मातीचे दुसरे घडवतो. मुलांचे लक्ष चाकाकडे आणि हातांकडे जाते. ती माती कुठून आली हे कुणी विचारत नाही, खरे सांगायचे तर आम्हीही विचारत नव्हतो. निसरपूरसारख्या गावात ती नदीकाठची असते. कुंभाराची उपजीविका ज्या काठावर, तो काठ सातबाऱ्यावर त्याच्या नावे नसतो. मासेमाराची नदी नसते. शेतकऱ्यांच्या खरेदीवर चालणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईकही कुठल्या कागदावर नोंदलेले नसते. मळ्याचा मोबदला काढता येतो, आठवडी बाजाराचा कसा काढायचा?

१५ सप्टेंबर २०१९ रोजी सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्याच पावसाळ्यात निसरपूरची घरे, पेठ आणि देवळे पाण्याखाली गेली. काही कुटुंबे आधीच वसाहतींत गेली होती, काही पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत घरात होती. निवाड्याप्रमाणे भूमिहीन कुटुंबाचा हक्क घरापुरता, ६० फूट बाय ९० फूट भूखंडाचा. तेवढ्यात घर उभे राहते, अंगणात चाकही मावते. माती मात्र दुसरीकडून विकत आणावी लागते.