विद्युत् तारकाम, चौकटीच्या भिंतीतील

लाकडी वा धातूची चौकट उभारून तिच्या दोन्ही अंगांस आवरण दिलेल्या, अथवा चौकटीत वीट-माती भरलेल्या पातळ भिंतीवरून किंवा तिच्या आतून विजेच्या तारा नेण्याचे काम. अशी भिंत उथळ असल्याने आवरणावर ठोकलेला खिळा आतील तारेपर्यंत पोहोचू शकतो. जुन्या घराच्या दुरुस्तीत हा धोका वाढतो. कारण झाकलेल्या तारेचा मार्ग बाहेरून दिसत नाही.

अमेरिकेत १८८० नंतर लाकडी चौकटीच्या घरांत भिंतीच्या पोकळीतून चिनी मातीच्या खुंट्यांवर सुट्या तारा ताणीत व लाकूड भेदताना त्या चिनी मातीच्या नळ्यांतून नेत. तेथील राष्ट्रीय विद्युत् संहिता १८९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या आजच्या नियमानुसार तारेसाठी खांबास पाडलेले भोक कडेपासून किमान ३२ मिमी. आत असावे लागते. ते शक्य नसल्यास १.६ मिमी. जाडीची पोलादी पट्टी बसवितात.

भारतात मात्र दीर्घकाळ तारा भिंतीच्या पृष्ठावरूनच नेल्या गेल्या. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांत खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा व कडीपाटाची छते आढळतात. लाकूडकामाने नटलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये आगीत नष्ट झाला. तेव्हा शहरात वीज नव्हती. लाकडी सांगाड्यास आगीचे भय किती असते, याची मात्र ती ठळक खूण होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नागपुरात नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी वीजपुरवठा करीत असे. त्या काळी दोन खाचांच्या लाकडी पट्टीत (केसिंग) रबरी आवरणाच्या तारा बसवून वरून झाकणपट्टी (कॅपिंग) लावीत. पुढे सागवानी पट्टीवर पत्र्याच्या चिमट्यांनी तारा बसविण्याची पद्धत रूढ झाली. यात भिंत फोडावी लागत नसे आणि तारेचा मार्ग नजरेसमोर राही. परंतु पट्टी स्वतः ज्वलनशील असे; ओल व वाळवी तिला बाधे. उष्णतेने रबर कालांतराने ठिसूळ होई, आणि नागपुरात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते.

विटा व काँक्रीटच्या घरांचा प्रसार झाल्यावर भिंतीस झिरी मारून प्रथम लोखंडी व नंतर पीव्हीसी नळ्यांतून तारा नेऊ लागले. घर नीटनेटके दिसू लागले. पण भिंतीची जाडी हा प्रश्न पुन्हा उद्भवला. भारतीय मानक क्र. १९०५ (१९८७) प्रमाणे उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशाहून व आडवी झिरी एकषष्ठांशाहून खोल नसावी. त्यानुसार २३ सेंमी. जाडीच्या भिंतीत आडवी झिरी सु. ३.८ सेंमी. खोल घेता येते, ११.५ सेंमी.च्या अर्ध्या विटेच्या भिंतीत ही मर्यादा केवळ १.९ सेंमी. होते व २० मिमी. व्यासाची नळीही तीत पूर्णपणे मावत नाही. म्हणून पातळ भिंतीत नळी छतालगत पृष्ठावरून नेऊन बटणाच्या जागी सरळ खाली उतरविणे इष्ट ठरते.

वाड्याच्या सांगाड्यातील भरणीस झिरी मारल्यास माती सुटते. खांब वा तुळई कापल्यास आधारच क्षीण होतो. शिवाय दिव्यांपुरत्या घातलेल्या जुन्या तारांवर पुढे कूलर व वातानुकूलन यंत्रांचा भार पडला. अशा घरांत जुन्या तारा पूर्णपणे काढून, भूसंपर्कनासह नव्या तारा पीव्हीसी पट्टीतून पृष्ठावरूनच नेणे अधिक सुरक्षित असते. जुन्या पद्धतीतील दृश्यमानतेचा गुण त्यामुळे टिकतो आणि लाकडी पट्टीचा दोष टळतो.