बाली : धर्म, लोकाचार व जीवनक्रम

बाली. इंडोनेशिया प्रजासत्ताकातील एक बेट व प्रांत. जावाच्या पूर्वेस अरुंद सामुद्रधुनीपलीकडे वसलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ५,६०० चौ. किमी. असून प्रांताचे मुख्य ठाणे देनपसार हे आहे. २०२० च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या ४३ लाखांवर असून, तीत शेकडा ८५ हून अधिक लोक हिंदू आहेत. जावातील मजपहित साम्राज्याने १३४३ मध्ये हा मुलूख जिंकला. पुढे ते साम्राज्य लयास जाऊन जावात इस्लामचा अंमल बसला, तेव्हा तेथील विद्या, काव्य व पौरोहित्य यांना बालीत आश्रय मिळाला. डचांची सत्ता संपूर्ण बेटावर १९०६–०८ च्या सुमारास प्रस्थापित झाली. परंतु शरण जाण्यापेक्षा बादुंग राज्याचा राजा परिवारासह शुभ्र वस्त्रे नेसून, हाती क्रिस (कट्यार) घेऊन डचांच्या बंदुकींना सामोरा गेला. हे आत्मार्पण बालीचे लोक आजही अभिमानाने स्मरतात.

येथील हिंदू धर्म भारतातून आला खरा, तथापि त्यास भारतीय धर्माची केवळ प्रतिकृती समजणे हा मोठा प्रमाद होय. शैव व बौद्ध मते, पितृपूजा आणि पर्वत-सागर-जलाशयांविषयीची प्राचीन श्रद्धा यांच्या संयोगातून तो घडला आहे. संग ह्यांग विधी हे परमेश्वराचे सर्वमान्य नाम होय. भारतीय यात्रेकरूस तेथील देवालय प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कारण गर्भगृहातील मूर्तीऐवजी त्यास उघडी प्रांगणे, ताडवर्गीय झाडाच्या तंतूंनी शाकारलेली 'मेरू' नावाची बहुमजली शिखरे आणि पद्मासन नावाचे रिकामे उच्च पाषाणासन दिसते. देवता तेथे नित्य वास करीत नाहीत. उत्सवाच्या दिवशी त्यांस आवाहन करून आणावयाचे, गायन-नर्तनाने संतुष्ट करावयाचे व सन्मानाने निरोप द्यावयाचा, असा प्रघात आहे. पदंड म्हणजे दीक्षित ब्राह्मण पुरोहित, घंटानाद, मुद्रा व मंत्र यांच्या योगे तीर्थ सिद्ध करतो, आणि त्या तीर्थावाचून कोणताही संस्कार पुरा होत नाही. मंत्रांत गंगा, सिंधू, सरस्वती व यमुना यांचा उच्चार होतो. जल मात्र बालीच्याच झऱ्यांचे असते.

नित्य धर्माचा भार मुख्यतः स्त्रियांवर आहे. नारळीची कोवळी पाने बांबूच्या बारीक काड्यांनी टाचून त्या लहान चौकोनी द्रोण करतात; त्यात विड्याचे पान, सुपारी व चुना यांची जुडी ठेवून वर पूर्वेस पांढरी, दक्षिणेस तांबडी, पश्चिमेस पिवळी व उत्तरेस निळी वा हिरवी फुले मांडतात, उदबत्ती लावतात आणि फुलाने तीर्थ शिंपडतात. हा 'चनंग' देव्हाऱ्यात, दुकानात, मोटारीतही ठेवला जातो. भूतगणांचा बळी मात्र जमिनीवर. देवतेने त्यातील सार ग्रहण केले की उरलेले कुत्र्या-कोंबड्यांनी खाल्ले तरी कोणास विषाद वाटत नाही.

गावात उगमाचे, ग्रामसभेचे व मृतांचे अशी तीन देवालये असतात. 'बंजार' ही वस्तीची पंचायत. विवाहित पुरुष तिचा सभासद होतो, आणि लाकडी ढोलाचा इशारा होताच श्रमदानास न येणाऱ्यास दंड भरावा लागतो. अपत्यांची नावे जन्मक्रमाने वायान, मादे, न्योमान, कतुत अशी ठेवतात. दहनविधी अत्यंत खर्चाचा असल्यामुळे सामान्य कुटुंबे प्रेत प्रथम पुरतात आणि पुढे गावाने मिळून केलेल्या सामुदायिक दहनात त्याच्या अस्थींना अग्नी देतात.

शकगणना महाराष्ट्राप्रमाणे बालीतही चालते. त्यामुळे तेथील नववर्षदिन 'न्येपी' काही वर्षी आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी येतो. पूर्वसंध्येस राक्षसाकृतींची वाजतगाजत मिरवणूक निघते; दुसऱ्या दिवशी अग्नी, कर्म, प्रवास व करमणूक ही चारही वर्ज्य असून विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो.

या सर्व व्यवस्थेचा पाया भातशेती होय. 'सुबक' ही पाटाच्या पाण्यावर हक्क असलेल्या शेतकऱ्यांची सभा. अकराव्या शतकातील लेखांतही तिचा उल्लेख आढळतो. कोणी केव्हा पेरावे, पाणी केव्हा सोडावे, शेत केव्हा पडीक ठेवावे, हे सभासद जलदेवालयात जमून ठरवितात. या सर्व देवालयांच्या शिरोभागी बातूर सरोवराच्या देवतेचे देवालय आहे. एकाच वेळी विस्तीर्ण खाचरे पडीक राहिल्याने किडीस अन्न मिळत नाही, असा त्यातील व्यवहार आहे. १९७० नंतरच्या दशकात सरकारी आग्रहाने नवीन वाणांची पिके खंड न पाडता घेण्यात आली, तेव्हा तुडतुड्यांनी पीक फस्त केले व जुन्या वेळापत्रकाची योग्यता सिद्ध झाली. युनेस्कोने २०१२ मध्ये सुबकचा जागतिक वारशात समावेश केला. तथापि दक्षिण भागात खाचरे विकून हॉटेले उभी राहत आहेत, आणि शेत विकले गेले की पाटाच्या दुरुस्तीस व जलदेवालयाच्या उत्सवास लागणारा एक वाटेकरीही कमी होतो. बालीच्या धर्मास खरा धोका आहे तो येथे.