‘पिक्चर कसा होता?’ : महाराष्ट्रातील प्रेक्षकांच्या अभिप्रायाचा इतिहास

पाहून आलेल्याने न पाहिलेल्याला चित्रपट कसा आहे ते सांगावे आणि त्यावरून दुसऱ्याने तिकीट काढायचे की नाही ते ठरवावे, ही महाराष्ट्रातली रीत चित्रपटाइतकीच जुनी आहे. वर्तमानपत्रातले परीक्षण वाचणारे नेहमीच थोडे होते. चाळीच्या गॅलरीत, गिरणीच्या फाटकाशी, एसटीच्या स्टँडवर, इराण्याच्या हॉटेलात जे बोलले गेले, त्यानेच बहुतेक चित्रपटांचे आयुष्य ठरवले. चित्रपटाच्या इतिहासाच्या ग्रंथांत दिग्दर्शक, नट, स्टुडिओ यांना जागा मिळाली. या बोलण्याला मात्र फार थोडी मिळाली, आणि हा त्या ग्रंथांचा मोठा उणेपणा आहे.

ही रीत पडद्याबरोबर आलेली नाही. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यानंतर वाढलेल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला नाटक चालू असतानाच आपले मत सांगायची सवय होती. पद आवडले की ‘वन्समोअर’ येई आणि नट ते पुन्हा गाई. तमाशाच्या फडात आवडलेल्या लावणीवर दौलतजादा होई. न आवडलेल्याची दखलही तिथल्या तिथे घेतली जाई. पडद्यावरच्या नटाला मात्र काही ऐकू येत नाही. शिट्ट्या आल्या, टाळ्या आल्या, पडद्याकडे नाणीही भिरकावली गेली. पण रीळ आपल्या गतीने पुढेच जाई. रंगमंचापर्यंत पोचणारे मत त्यामुळे थिएटरच्या दाराबाहेर वळले. नटाला सांगता येत नव्हते, ते शेजाऱ्याला सांगणे सुरू झाले.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया होते आणि प्रेक्षक बहुतांशी युरोपीय. काही दिवसांत हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे चार आण्यांपासून जागा मिळू लागल्या. या काळातल्या गप्पा चांगल्या-वाईटाच्या नव्हत्या, खऱ्या-खोट्याच्या होत्या. चित्र हलते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला पटतच नसे. याचा सर्वांत मोलाचा दाखला दादासाहेब फाळक्यांच्या घरातला आहे. 1911 साली गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन ते प्राण्यांचा एक चित्रपट पाहून आले. मुलाने घरी आईला पडद्यावर काय पाहिले ते सांगितले, तर कोणाचाच विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके घरच्या मंडळींना घेऊन पुन्हा गेले. ईस्टर असल्यामुळे त्या दिवशी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट लागला होता, आणि तो पाहताना असेच राम-कृष्ण पडद्यावर आणायचे त्यांच्या मनाने घेतले. भारतीय चित्रपटसृष्टीच्या मुळाशी अशा रीतीने एका मुलाने घरी येऊन सांगितलेली हकीकत आहे.

3 मे 1913 रोजी कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. 1917 साली ‘लंकादहन’ आला आणि पडद्यावर राम दिसताच लोक पायातले जोडे काढू लागले. हाही अभिप्रायच होता. चित्रपट आवडला असे म्हणण्याऐवजी लोकांनी आपल्या वागण्यातून त्याला देवळाचा मान दिला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’ला (1920) वेगळा प्रतिसाद मिळाला. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की प्रेक्षकांतल्या बायका बेशुद्ध पडल्याच्या हकीकती आहेत. बोभाटा वाढला आणि ते दृश्य काढावे लागले. त्याच चित्रपटामुळे लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमाकेसरी’ म्हणून गौरवले. प्रेक्षकांच्या बोलण्याने चित्रपट चालतो किंवा पडतो एवढेच नव्हे, तर तो कापलाही जातो, हे तेव्हाच दिसून आले. उलट पेंटरांच्याच ‘सावकारी पाश’ने (1925) कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली, ती त्या वेळच्या प्रेक्षकाला रुचली नाही. पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांनी त्याला भारतीय वास्तववादी चित्रपटाच्या अग्रभागी बसवले. प्रेक्षकांचा कौल दर वेळी न्याय्यच असतो असे मानण्याचे कारण नाही.

सरकारने प्रेक्षकांबद्दल प्रथम पद्धतशीर चौकशी केली ती 1927-28 साली, टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट समितीमार्फत. समितीने देशभर फिरून 353 साक्षी घेतल्या. लोकांना देशी चित्रपट आवडतात की परदेशी, कोणत्या वर्गाचा माणूस काय पाहतो, असे प्रश्न विचारले गेले. उत्तरे देणारे मात्र मुख्यतः निर्माते, थिएटरवाले, अधिकारी, शिक्षक आणि पुढारी होते. चार आण्यांच्या बाकावरच्या माणसाची आवड तिथे नोंदली गेली, पण दुसऱ्याच्या तोंडून.

1931 साली ‘आलम आरा’ आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आल्यावर चित्रपट बोलू लागला, आणि त्याच्याविषयी बोलायला प्रेक्षकालाही नवे साधन मिळाले. पाहून आलेला माणूस आता गाणे गुणगुणून दाखवू शकत होता, संवाद म्हणून दाखवू शकत होता. थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना गाण्यांची चोपडी मिळे. तिच्यात गाण्यांबरोबर कथासारही असे. ते ऐन मोक्यावर आणून सोडलेले असे आणि पुढचे रुपेरी पडद्यावर पाहा, असे सांगितलेले असे. ही चोपडी घरोघर गेली, शेजारी वाचली गेली, आणि बायकांच्या ओव्या-भजनांच्या वह्यांत तिच्यातली गाणी उतरली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 57 आठवडे चालला. वर्षभर एकाच पडद्यावर टिकलेल्या चित्रपटाला जाहिरातीने एवढे आयुष्य देता येत नाही. आठवड्यामागून आठवडा कोणीतरी कोणाला तरी जाऊन पाहायला सांगत होते, म्हणून तो टिकला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘कुंकू’ने वेगळे बोलणे घडवले. म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा म्हणून न स्वीकारणारी नीरा बरोबर की चूक, हा प्रश्न चित्रपटाच्या बरेवाईटपणापुरता राहत नव्हता. जरठकुमारी विवाह ज्या घरांत झाले होते, त्या घरांतही तो शिरला.

या बोलण्याला बळ कशामुळे आले, हे समजून घेण्यासाठी त्या वेळचा व्यवहार पाहावा लागतो. चित्रपटाच्या प्रती थोड्या असत. एका शहरात तो एक-दोन थिएटरांत लागे आणि आठवड्याचे उत्पन्न ठरलेल्या रकमेखाली जाईपर्यंत तिथेच राही. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. पहिला आठवडा रिकामा गेला तरी दुसऱ्यात, तिसऱ्यात भरून येण्याची सोय होती, आणि एकाकडून दुसऱ्याकडे बातमी पोचायला तेवढा वेळ लागतोच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ बिल्डिंगमध्ये वितरकांच्या कचेऱ्या होत्या. शुक्रवारी पहिले खेळ सुटले की ‘रिपोर्ट काय?’ हा तिथला एकच प्रश्न असे. खानदेश-विदर्भाच्या वितरणाची केंद्रे भुसावळ आणि अमरावती इथे होती. या सगळ्या यंत्रणेला हवे असे ते डोअरकीपरने, पानवाल्याने, बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाने उच्चारलेले एखादे वाक्य. लालबागच्या भारतमातासारख्या थिएटरांचा प्रेक्षक गिरणगावातला. पाळी सुटल्यावर पाहिलेल्या चित्रपटाची चर्चा दुसऱ्या दिवशी त्याच खात्यात होई आणि त्या खात्यातून पुढच्या खेळाची गर्दी तयार होई.

खेड्यांत चित्रपट तंबूतून गेला. सातारा-सांगलीकडच्या यात्रांत टूरिंग टॉकीजचे तंबू लागत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, जमिनीवर बसून खेळ पाहत. दिवसा गाडीवर कर्णा लावून पुकारा होई, पण रात्री दोन तंबूंपैकी कोणता भरेल ते आदल्या खेळाला बसून आलेले ठरवीत. यात्रेला न गेलेल्यांसाठी गावात ‘स्टोरी सांगणे’ चाले. सांगणाऱ्याची हातोटी इथे महत्त्वाची असे. मारामारीचे आवाज, नटाची ढब, गाण्याची सुरुवात यांसह तो अख्खा चित्रपट उभा करी. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो चित्रपट कधीच पाहिला नाही, तरी त्यांच्या आठवणीत तो राहिला. या सांगणाऱ्यांना प्रेक्षक म्हणून सोडून देणे योग्य नाही; कीर्तनकार आणि शाहीर यांच्या परंपरेतलेच हे कथनकार होते.

छापील पानावर सामान्य प्रेक्षकाला शिरकाव मिळाला तो पत्रांच्या रूपाने. बाबूराव पटेलांनी 1935 साली ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले. त्यातला वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा विभाग परीक्षणांइतकाच वाचला जाई. 1954 साली फिल्मफेअरचे पहिले पुरस्कार दिले गेले ते वाचकांची मते मागवून, आणि ‘दो बिघा जमीन’सारखा गरीब शेतकऱ्याचा चित्रपट सर्वोत्तम ठरला. मराठीत नाशिकच्या ‘रसरंग’ने आणि पुढे ‘जी’, ‘चंदेरी’ यांनी हा वाचक सांभाळला.

प्रेक्षकाच्या शब्दाची ताकद सर्वांत स्पष्ट दिसली ती 1975 साली. त्या वर्षी दोन चित्रपट आले. एक प्रचंड खर्चाचा, दुसरा अगदी थोडक्यात बनवलेला. ‘शोले’ 15 ऑगस्टला लागला, परीक्षणे प्रतिकूल आली आणि धंद्यातल्या जाणकारांनी तो पडल्याचे जाहीर करून टाकले. शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा का, इथपर्यंत निर्मात्यांचा विचार गेला होता. वरळीच्या एका थिएटरवाल्याने मात्र दिग्दर्शक रमेश सिप्पींना धीर दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. मध्यंतरात आइस्क्रीम आणि थंड पेये खपत नाहीत, कारण लोक खुर्चीवरून उठतच नाहीत, असे त्याने सांगितले. परीक्षकांना न दिसलेली गोष्ट त्याला गल्ल्यावरून कळली होती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत लोक संवाद पाठ म्हणू लागले आणि मग पॉलिडॉरने संवादांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. मिनर्व्हा थिएटरात हा चित्रपट पाच वर्षांहून अधिक काळ चालला. ‘जय संतोषी मां’ त्याच्या आधी, मे महिन्यात आला. त्यात मोठा नट नव्हता, जाहिरातीला पैसे नव्हते, पहिले खेळ जवळजवळ रिकामे गेले. मग शुक्रवारच्या व्रताची बातमी बायकांनी बायकांना दिली. गावोगावहून घोळके येऊ लागले, पडद्यासमोर फुले-नाणी पडू लागली, थिएटरच्या दारात चपलांचे ढीग लागले. ‘लंकादहन’नंतर 58 वर्षांनी तेच दृश्य पुन्हा दिसले. दोन्ही चित्रपट वाचले, कारण त्यांना वाट पाहायला पडदा मिळाला.

मराठी चित्रपटाचा व्यवसाय तर याच आधारावर उभा राहिला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे चालला. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला (1971) दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळवून देण्यासाठी शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले, पण एकदा जागा मिळाल्यावर ती टिकवली प्रेक्षकांनी. 1991 सालच्या ‘माहेरची साडी’ला शहरी परीक्षकांनी रडका ठरवले. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी मायलेकी, जावा-जावा अशा जोडीने जाऊन तो डोक्यावर घेतला. हुंड्याने, सासुरवासाने पोळलेल्या घरांत त्या चित्रपटाने बोलायला निमित्त दिले, हे त्याचे काम परीक्षकांच्या लक्षात आले नाही.

याच्या बरेच आधी चित्रपटाविषयी बोलण्याचे शिक्षण देणारी एक चळवळही सुरू झाली होती. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादुर यांनी रसास्वादाचे वर्ग घेतले, आणि 1968 साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. खेळानंतर थांबून चर्चा करायची, दृश्याची मांडणी, संकलन, ध्वनी यांबद्दल बोलायचे, ही शिस्त त्यातून रुजली. तिचा फायदा मोठा झाला. तरी चाळीतले बोलणे आणि मंडळातले बोलणे यांची गाठ क्वचितच पडली, आणि त्यात दोन्हीकडचे नुकसान झाले.

1972 साली मुंबई दूरदर्शन आले. शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट शेजारपाजारचे एकत्र बसून पाहू लागले आणि अभिप्राय पुन्हा चित्रपट चालू असतानाच उमटू लागला. खरा बदल 1997 नंतर झाला. त्या वर्षी दिल्लीत देशातले पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातही ते पसरले. चित्रपट एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर लागतो आणि त्याचा निकाल शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत लागतो. सोमवारी ज्याचे खेळ निम्म्यावर आले, त्याच्याबद्दल मंगळवारी कोणी चांगले बोलले तरी पाहायला जागा उरत नाही. मराठी चित्रपटाला याचा फटका जास्त बसतो. 2015 साली राज्य सरकारला मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळेचे खेळ देण्याचा आग्रह धरावा लागला, तो याच अडचणीपोटी.

तरीही तोंडी शब्द अजून चित्रपट तारतो. ‘श्वास’ (2004) असाच पसरला. ‘सैराट’च्या (2016) वेळी रहिमतपूरसारख्या गावात गर्दीमुळे मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. ‘बाईपण भारी देवा’ला (2023) बायका नटूनथटून, भिशीमंडळे आणि सोसायट्यांचे गट करून गेल्या.

पुण्याच्या संग्रहालयात चित्रपट आहेत, भित्तिपत्रके आहेत, गाण्यांच्या चोपड्या आहेत. ते पाहणाऱ्यांनी घरी येऊन काय सांगितले, याचा साठा मात्र जुन्या माणसांच्या आठवणींतच आहे. ‘शोले’ किंवा ‘सोंगाड्या’ पहिल्या आठवड्यात पाहिलेली माणसे आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांनी तो चित्रपट कोणाच्या सांगण्यावरून पाहिला आणि पुढे कोणाला सांगितला, हे विचारून लिहून ठेवण्याचे काम ज्याला शक्य असेल त्याने आताच हाती घ्यावे.