न उचललेल्या हाकेचा इतिहास : भारतीय मोबाईलधारक आणि ‘मिस्ड कॉल’

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्यापुढील मुख्य अडचण कागद हाती येण्याची होती. कागद होते, ते माळ्यांवर, रुमालांत बांधलेले, वाळवीच्या तोंडी पडलेले होते, पण होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या पंचवीस वर्षांतील भारतीय माणसाचा परस्परव्यवहार अभ्यासू पाहणाऱ्यापुढील अडचण याहून वेगळी आहे. या काळात या देशातील कोट्यवधी मोबाईलधारकांनी एकमेकांना जे निरोप दिले, त्यांतील फार मोठा भाग मुळात शब्दांचाच नव्हता. फोन लावायचा, पलीकडे घंटा वाजू द्यायची आणि उचलण्यापूर्वी तोडायचा. या कृतीला इंग्रजीतून आलेले ‘मिस्ड कॉल’ हे नाव मिळाले. बोलण्यात त्याचे ‘मिसकॉल’ झाले. त्याचा रुमाल कोठेही बांधला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात या निःशब्द निरोपाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे. दूरसंचाराचा इतिहास सामान्यतः परवाने, लिलाव व ग्राहकसंख्या यांच्या आधारे लिहिला जातो. रॉबिन जेफ्री व आसा डोरॉन यांच्या २०१३ मधील ग्रंथाने मोबाईल वापरणाऱ्या माणसांकडे लक्ष वेधले, हे मान्य करावयास हवे. तरीही वापरणाऱ्यांची भाषा हा विषय साहित्याच्या अभ्यासकांनी स्वतःकडे घेतलेला दिसत नाही.

भारतातील पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी बोलण्याचा दर गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात जाई आणि फोन करणाराच नव्हे, तर घेणाराही पैसे मोजी. हा मुद्दा आमच्या विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. फोन उचलणे हीच खर्चाची बाब असल्यामुळे न उचलणे ही दोन्ही पक्षांची सोय ठरली. या पहिल्या कालखंडातील मिस्ड कॉल हा बरोबरीच्या माणसांमधील आगाऊ ठरलेला संकेत होता : एक घंटा म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोहोचलो.

येथे एक वैयक्तिक आठवण नोंदवतो. दिल्लीत अध्यापनाला लागल्यावरची पहिली काही वर्षे मी सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने परतत असे. मनमाडला एक मिस्ड कॉल, भुसावळला एक, असे आईशी ठरलेले होते. बुऱ्हाणपूरच्या अलीकडेच महाराष्ट्राचे दूरसंचार मंडळ संपे आणि ‘रोमिंग’ सुरू होई. पलीकडे घरचा फोन उचलला तर मला भुर्दंड पडे. एकदा इटारसीच्या पुढे मी झोपेत असताना शेजारच्या सहप्रवाशाने परोपकार म्हणून तो उचलला. आईला अनोळखी हिंदी आवाज ऐकू आला, आणि पुढची चाळीस मिनिटे ती फोन लावीत राहिली व मी घाबरून सारे उचलीत राहिलो. महिनाअखेरीस देयकावर त्या भीतीची किंमत रुपये-पैशांत छापून आली. मात्र संकेत असलेले कॉल, म्हणजे आमचा खरा संवाद, त्या देयकात कोठेच नव्हता. देयक हा येथला एकमेव दस्तऐवज, आणि तो केवळ संकेत फसल्याचीच नोंद ठेवतो.

२००३ साली ही व्यवस्था पालटली. फोन करणाऱ्याने पैसे द्यावेत हे तत्त्व त्या वर्षी अंमलात आले व येणारे कॉल मोफत झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन हाती देणारी योजना आणली. विजेरी असलेला, धूळ सोसणारा नोकिया ११०० हा फोनही २००३ चाच. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातील मोबाईलची संख्या तारेच्या फोनांपेक्षा अधिक झाली. २००५ च्या अखेरीस ‘आजीवन’ योजना आल्या आणि खात्यात जवळजवळ काही नसतानाही फोन खणखणत राहण्याची सोय झाली. सामान्य धारकाने यावरून आपले अर्थशास्त्र रचले. शिल्लक रुपया-दोन रुपये ठेवायची, ती खर्च करायची नाही. कारण घंटा वाजवायलाही काहीतरी शिल्लक लागे. न खर्चलेला रुपया हेच त्याचे बोलण्याचे भांडवल होते.

या बदलाचा अर्थाच्या पातळीवरील परिणाम असा की, संकेताची विनंती झाली. आता एका पक्षाला बोलणे फुकट होते आणि दुसऱ्याला नव्हते. म्हणून ‘मी हाक मारली आहे, पैसे तू घाल’ असा त्या घंटेचा अर्थ ठरू लागला. मुलगा बापाला, मजूर मुकादमाला, माहेरवाशीण भावाला मिस्ड कॉल देई. उलट दिशेने तो दिला गेल्यास कंजूषपणा ठरे. जोनाथन डोनर यांनी २००७ मध्ये मुख्यतः रवांडातील निरीक्षणांवरून अशा कॉलांचे परत बोलावणारे, आधी ठरलेले व केवळ नाते जपणारे असे प्रकार सांगितले आहेत. ऐपत असणाऱ्याने पैसे भरावेत हा तेथील अलिखित नियमही त्यांनी नोंदवला. भारतात हा नियम ऐपतीसोबत वय, लिंग व नाते यांनीही बांधलेला होता, असे माझे मत आहे. गरीब मामा श्रीमंत भाच्याला मिस्ड कॉल देताना अवघडत असे; ते अवघडणे डोनर यांच्या वर्गीकरणात बसत नाही.

आता भाषेकडे वळू. इंग्रजीत ‘मिस्ड कॉल’ ही घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलेली घटना आहे : जे निसटले ते. भारतीय भाषांनी हे नाव उचलले व क्रियापदाने त्याची बाजू उलटी केली. मराठीत मिसकॉल ‘देतात’, हिंदीत ‘देतात’ किंवा ‘मारतात’, बांगलात व तमिळमध्येही क्रियापद देण्याचेच आहे. निसटलेली वस्तू दान करता येते, हे इंग्रजी व्याकरणाच्या कल्पनेपलीकडचे होते. इतरत्रही असे घडले. इटालियनमध्ये घंटेचा झंकार, ‘स्क्विल्लो’, करतात. स्पॅनिशमध्ये तो ‘हरवलेला’ कॉल असला तरी स्पर्श, ‘तोके’, देतात. घाना व नायजेरियात प्रकाशाची उघडझाप करतात. फिलिपिन्समध्ये ‘मिस्कोल’ या रूपाची २००७ साली त्या वर्षीचा शब्द म्हणून निवड झाली. आपल्याकडील विद्यापीठीय परिसंवादांत एखाद्या शब्दाला अशी प्रतिष्ठा देण्याची रीत नाही, याचा थोडा हेवा वाटतो.

यंत्राच्या नावांतही भाषांचे स्वभाव दिसतात. बांगलाने मुठीतला म्हणून ‘मुठोफोन’ म्हटले, तमिळने हातातला म्हणून ‘कैपेसि’ आणि लहरींवरचा म्हणून ‘अलैपेसि’. तेलुगूत ‘चरवाणि’. कन्नडमधील ‘जंगमवाणी’ तर एका शब्दात वीरशैव परंपरेतील स्थावर-जंगम हे सारे द्वंद्व जागे करते. मराठीने ‘भ्रमणध्वनी’ घडवला. तो परिपत्रकांत नांदला, तोंडी रुळला नाही. मात्र त्यातील ‘ध्वनी’ हा शब्द पाहून आनंदवर्धनाची आठवण व्हावी हे अटळ आहे. वाच्यार्थ मुळीच नसलेला आणि सर्वस्वी व्यंग्यार्थावर उभा असलेला असा निरोप ध्वन्यालोककारांनीही कल्पिला नसावा. हा मोह येथेच आवरतो. एवढेच नोंदवतो की, प्रेमिकांच्या गुप्त भेटीची जागा या अर्थाचा ‘संकेतस्थळ’ हा शब्द मराठीने याच काळात संगणकाच्या हवाली केला, आणि प्रत्यक्ष संकेत मात्र फोनच्या घंटेत राहिले.

लेखी संदेश हाताशी असताना घंटेचाच आश्रय का घेतला गेला, हा प्रश्न रास्त आहे. खर्च हे एक कारण. सणासुदीला सवलतीचे संदेश बंद करून पूर्ण दर आकारण्याची कंपन्यांची रीत धारकांना विशेष झोंबे. पण मोठे कारण लिपीचे आहे. लघुसंदेशाची १६० अक्षरांची मर्यादा १९८५ मध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी बॉनमध्ये टंकयंत्रावर वाक्ये लिहून व पोस्टकार्डांवरील मजकुराची लांबी पाहून सुचवली. ती रोमन लिपीची. संदेशात देवनागरीचे एक अक्षर आले की मर्यादा ७० वर उतरे, आणि तीही आपल्या अक्षरांत मोजली जात नसे. ‘ज्ञानेश्वरी’ हा उच्चारात चार अक्षरांचा शब्द तेथे अकरा जागा अडवतो, कारण हलन्त व मात्रा स्वतंत्र धरल्या जातात. शिवाय एकेका कळीवर अनेक वर्ण बसवलेले, आणि पाठवलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या फोनवर चौकोनांच्या रांगेत उमटण्याची भीती. परिणामी सुशिक्षितांनी रोमन लिपीत मराठी लिहिली, आणि रोमन न जाणणाऱ्याला घंटाच उरली. प्रत्येक फोनवर सर्व बावीस अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा, असा भारतीय मानक २०१६ मध्ये ठरला. तोवर एक पिढी लिपीशिवाय फोन वापरून मोकळी झाली होती.

मिस्ड कॉल हा गरिबाचा विनोदी चातुर्यविलास आहे असे चित्र रंगवण्याकडे आपला कल असतो. स्त्रियांच्या अनुभवापाशी ते चित्र टिकत नाही. फोन घरात एक, तोही पुरुषाच्या खिशात; आलेल्या कॉलांची यादी कोणीही उघडून पाहावी अशी. ज्या संकेतात शब्द नाहीत, त्यात क्रमांक मात्र उरतो, आणि तेवढा पुराव्याला पुरतो. म्हणून मैत्रिणीच्या, शिवणवालीच्या नावाने क्रमांक साठवणे हा या काळातील एक मोठा, कोठेही न नोंदलेला लेखनप्रकार होय. डिसेंबर २०१२ मध्ये बिहारच्या किशनगंज जिल्ह्यातील सुंदरबाडी गावाच्या पंचांनी फोनवर बोलताना आढळणाऱ्या अविवाहित मुलीस दहा हजार व विवाहितेस दोन हजार रुपये दंड ठरवला. दुसरी बाजू अनोळखी मिस्ड कॉलांची. उलट फोन केला आणि बाईचा आवाज आला, की छळ सुरू. उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘१०९०’ ही महिलांसाठीची तक्रारसेवा सुरू झाली. रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे क्रमांक पन्नास ते पाचशे रुपयांना विकले जात, ही बाब २०१७ च्या आरंभी वृत्तपत्रांनी उघडकीस आणली. दुकानात क्रमांक मोठ्याने सांगावा लागणे हा व्यवहाराचा भाग होता. तो किती महाग पडला याचा हिशेब त्या मुलींपाशीच आहे.

२०१० नंतर ही लोकांची युक्ती संस्थांनी उचलली. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात पाठिंबा मिस्ड कॉलने नोंदवला गेला. पक्षांची सदस्यनोंदणी, बँकांतील शिल्लक, साबणाच्या जाहिराती, सारे त्यावर आले. बंगळूरची झिपडायल ही याच धंद्यातील कंपनी जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली. या व्यापारी प्रकरणात मला फारसे स्वारस्य नाही. त्याच युक्तीचा दुसरा एक उपयोग मात्र तौलनिक अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे.

शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडसाठी ‘सीजीनेट स्वरा’ ही सेवा सुरू केली. तिची पुढे स्थिरावलेली रीत अशी : बंगळूरच्या क्रमांकाला मिस्ड कॉल द्यायचा, यंत्राकडून उलट फोन येतो, मग आपली बातमी, तक्रार किंवा गाणे बोलून ठेवायचे, अथवा इतरांचे ऐकायचे. हातपंप नादुरुस्त आहे, मजुरी थकली आहे, शिक्षक येत नाही, अशा निवेदनांच्या शेजारी गोंडी गीते ध्वनिमुद्रित झाली. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख. ते मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि आपल्या गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत पसरलेले. भाषा आठव्या अनुसूचीत नाही, राज्यागणिक लिपी वेगळी. जिला छापील दैनिक नाही अशा भाषेतील माणसाने रुपयाही न खर्चता बोलावे, आणि त्याचे शब्द साठून राहावेत, हे येथे घडले. मौखिक साहित्याचे आपले संकलक गावी जाऊन ‘निवेदक’ शोधत आणि काय गावे ते बहुधा तेच सुचवीत. येथे गाणारा स्वतः ठरवतो. मात्र वेळेची मर्यादा यंत्र ठरवते, आणि काय प्रसिद्ध व्हावे हे संपादक. या संग्रहातील गीतांच्या लांबीवर त्या मर्यादेचा काय परिणाम झाला, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय ठरावा. मराठी विभागांनी तो गडचिरोलीपासून सुरू करावयास हरकत नाही.

मिस्ड कॉलची आर्थिक जमीन दोन टप्प्यांत सरकली. २००९ मध्ये सेकंदावर आकारणीची पद्धत आली; तोवर समोरच्याने चुकून उचलला की साऱ्या मिनिटाचे पैसे जात, ते भय संपले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने बोलणेच मोफत केले. तरी एका कंपनीने दुसरीला द्यायचे जोडणीशुल्क उरले होते, मिनिटाला सहा पैसे, आणि त्यावरून २०१९ मध्ये विलक्षण भांडण झाले. जिओने आपल्याकडून जाणाऱ्या कॉलची घंटा वीस-पंचवीस सेकंदांवर आणली. त्यामुळे कॉल चुकतात, लोक उलट फोन करतात आणि शुल्काचा ओघ फिरतो, असा प्रतिस्पर्ध्यांचा आक्षेप होता. जिओचे म्हणणे, आपल्याकडे इतर जाळ्यांतून रोज २५ ते ३० कोटी मिस्ड कॉल येतात. संख्येची शहानिशा बाजूला ठेवली, तरी शब्दहीन संवादाचे आकारमान त्या वादातूनच प्रथम उच्चारले गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये नियामक प्राधिकरणाने मोबाईलची घंटा तीस सेकंद व तारेच्या फोनची साठ सेकंद वाजावी असे ठरवले. जोडणीशुल्क १ जानेवारी २०२१ रोजी संपले.

माझी आई अजूनही कोणी गाडीने निघाले की दोन घंटा द्यायला सांगते. बोलणे फुकट झाल्याचे तिला ठाऊक आहे. उचलून बोलले तर ती रागावते.