तांबट आणि वायसर

गेल्या पावसाळ्यांत शिवाजी पार्काजवळील आमच्या इमारतीच्या आवारांत शेजारच्या एका तरुणानें आपल्या वडिलांच्या बुलेटचें इंजिन खोलून पुन्हा बांधलें. पिस्टन नवा, रिंगा नव्या. तीन रविवार त्यांत खर्चीं पडले. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों फरशीवर तेलाचें थारोळें! तेल सोडण्याच्या बोल्टाखालचा तांब्याचा जुना वायसर त्यानें नुसता पुसून पुन्हा बसविला होता.

वायसर म्हणजे तांब्याची एक लहानशी कडी. बोल्ट आवळला कीं ती चेपते आणि दोन पृष्ठांवरील बारीक ओरखडे भरून काढते. तेलाची वाट बंद होते ती या मऊपणामुळें. परंतु एकदां चेपलेलें तांबें कठीण होतें. पुन्हा आवळलें तरी तें दबत नाहीं, आणि हट्टानें आवळीत बसलें तर ॲल्युमिनियमच्या घरांतील आटेच निघून येतात.

हा तांब्याचा स्वभाव पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीनें फार पूर्वीं ओळखला होता. पेशवाईंत कोंकणांतून येऊन वसलेले हे कारागीर. माझें आजोळ तेथून जवळच असल्यामुळें त्यांच्या हातोड्यांचा नाद बालपणीं कानांत भरलेला आहे. पत्रा ठोकतां ठोकतां ताठरतो. तसाच ठोकीत राहिलें तर तडकतो. म्हणून तांबट तो भट्टींत लाल करी, निववी, आणि मगच पुढचे घाव घाली. हंडा पुरा होईपर्यंत असें कितीदां तरी चाले. अखेरचें मठारकाम मात्र निवलेल्या भांड्यावर. त्या घावांनीं भांड्यास चकाकी येई आणि बळकटीही. स्टेनलेस स्टील घरोघर आल्यावर ती वस्ती रोडावली, हें सांगावयास नकोच.

1955 सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली, 1961 सालीं मैसुरास जावा गाड्या निघूं लागल्या, आणि गल्लोगल्लींचे मिस्त्री त्या खोलूं लागले. वायसर तापवून मऊ करण्याची त्यांची युक्ति ही तांबटाच्या भट्टीचीच धाकटी बहीण होय. येथें पुस्तकी माणूस हमखास फसतो. पोलाद लाल करून पाण्यांत बुडविलें तर कठीण होतें, म्हणून तांबेंही होईल असें त्यास वाटतें. मी स्वतः वर्गांत असें सांगून बसलों होतों! तांबें मऊ होतें तें तापल्यानें. पाणी केवळ लवकर निववितें आणि वरची काळी खपली सोडवितें.

नवा वायसर मिळत असतां जुन्याशीं खटपट करूं नये, हें माझें मत. पण तो रविवार होता, दुकानें बंद. मुलानें चिमट्यांत धरून वायसर शेगडीवर मंद लाल केला आणि पाण्याच्या वाटींत टाकला. खपली बारीक कागदानें घांसून काढली, दोन्ही बाजू सपाट आहेत हें पाहिलें, आणि बोल्ट बेतानेंच आवळला. सोमवारीं सकाळीं मी चष्मा लावून खालीं उतरलों. फरशी कोरडी होती.