लाल गाडीतून मालट्रककडे



आजची गोष्ट ड्रायव्हरची आहे. आपल्या गावांतून एसटीत चालक म्हणून लागलेली माणसं पुष्कळ. त्यातली काही गेल्या काही वर्षांत एसटी सोडून मालट्रकवर गेली. शेजारीपाजारी म्हणतात, "ड्रायव्हर तो ड्रायव्हर. काल माणसं नेत होता, आज कांदा नेतो, त्यात काय एवढं?" पण त्या घरातल्या बाईला विचारा. पगाराची तारीख गेली, घरी यायची वेळ गेली, बँकेत दाखवायचा कागद गेला. स्टिअरिंग तेच, पाय त्याच क्लचवर, मग घर एवढं का बदललं? याचं उत्तर इतिहासात आहे. तो इतिहास आज थोडक्यात बघू.

शंभर वर्षांपूर्वी बस आणि ट्रक असा फारसा भेद नव्हताच. १९२० नंतर आपल्याकडे खासगी मोटारी धावायला लागल्या. जुनी माणसं त्यांना 'सर्व्हिस मोटार' म्हणायची. गाडी भरली की निघायची, नाही भरली तर तासन् तास उभी. आत माणसं, टपावर पोती, कोंबड्या, ट्रंका. भाडं मालक ठरवेल ते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा यातल्या कितीतरी गाड्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. चालकाला ना वेळ, ना सुट्टी, ना पगाराचा कागद. १९३९ साली मोटार वाहन कायदा आला. परवाना आणि परमिट यांची घडी बसायला लागली, पण चालकाचं पोट मालकाच्या मर्जीवरच राहिलं.

मग आलं स्वातंत्र्य, आणि इथे रस्ता दुभंगला. प्रवासी वाहतूक सरकारने आपल्या हातात घ्यायचं ठरवलं. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. १९५० साली संसदेने राज्यांच्या परिवहन महामंडळांसाठी कायदा केला. १९५६ साली मोटार वाहन कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं, त्यामुळे ठरलेल्या मार्गांवर सरकारी गाडीला पहिला हक्क मिळाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि एसटी आपल्या राज्याची झाली.

यातून प्रवाशाला काय मिळालं ते आपण जाणतो. गाडी भरो न भरो, वेळेला सुटते. चालकाला काय मिळालं? नेमणुकीचा कागद मिळाला. डेपोतल्या हजेरीपटावर नाव लागलं. खाकी गणवेश, ठरलेली ड्यूटी, रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी, कुटुंबाला पास. गाडी बिघडली तर बघायला वर्कशॉप. वाटेत अपघात झाला तर मागे एक महामंडळ उभं. म्हणूनच कित्येक वर्षं गावात मुलगी देताना विचारायचे, "मुलगा एसटीत आहे ना?" पगार फार मोठा नव्हता, पण नक्की होता. त्या नक्की पगारावर किती पोरींच्या फिया भरल्या गेल्या, किती घरांवर पत्रा जाऊन स्लॅब पडला, ते आपणच पाहिलंय.

मालवाहतूक मात्र सरकारने अशी हातात घेतली नाही. त्या काळात देशातला बहुतेक माल रेल्वेने जायचा. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेन्झच्या मदतीने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. रस्ते वाढले तसा माल हळूहळू रेल्वेवरून रस्त्यावर आला. पण ट्रक ज्याचा त्याचाच राहिला. कुणाकडे एक गाडी, कुणाकडे दोन. आजही या धंद्यात असे छोटे मालकच जास्त आहेत, आणि त्यातले कितीतरी स्वतःही गाडी चालवतात.

आता एक बारीकशी गोष्ट नीट ऐका, कारण सगळी मेख तिच्यात आहे. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा आला. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, आठवड्यात एक सुट्टी. कायदा चांगलाच होता. पण तो लागू झाला पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. एका ट्रकवर माणसं किती? एक ड्रायव्हर, एक क्लीनर. दोन ट्रक असले तरी चार माणसं. म्हणजे ज्याच्यासाठी तास मोजायची सगळ्यांत जास्त गरज होती, तोच मोजणीच्या बाहेर राहिला.

आणखी एक गंमत बघा. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं होतं, त्या लढ्यातून तो आला. ट्रकमध्ये पोती चढवणाऱ्या हमालासाठी माथाडी बोर्ड आलं, त्याची मजुरी बोर्डामार्फत मिळायला लागली, पीएफची सोय झाली. तीच पोती घेऊन रात्रभर गाडी चालवणाऱ्याला मात्र असं बोर्ड मिळालं नाही. हमाल एका जागी जमत होते, एका बाजारात रोज भेटत होते, म्हणून त्यांची संघटना उभी राहिली. ट्रकवाला आज वाशीत, उद्या इंदूरला. तो जमणार कुठे?

परवान्याचंही थोडं सांगते. पूर्वी जड मालवाहू गाडी आणि जड प्रवासी गाडी असे परवान्यावर वेगवेगळे वर्ग असत. १९९४ साली कायद्यात बदल झाला आणि हे वर्ग जाऊन 'परिवहन वाहन' असा एकच वर्ग आला. बस चालवायला वर प्रवासी वाहनाचा बिल्ला लागतो, माल न्यायला तो लागत नाही. त्यामुळे एसटीवाल्याला ट्रकवर जाणं कागदोपत्री सोपं झालं. गॅस, पेट्रोल, रसायन असा धोकादायक माल न्यायचा असेल तर मात्र वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते, हे लक्षात ठेवा.

एवढं असूनही पूर्वी वाट उलटी होती. पोरगा आधी ट्रकवर क्लीनर व्हायचा, मग ड्रायव्हर, आणि एसटीची भरती निघाली की अर्ज करायचा. ट्रक म्हणजे शिकायची जागा आणि एसटी म्हणजे पोहोचायची जागा.

मग वाट फिरली कधी? एका दिवसात नाही फिरली. १९८९ साली उरणजवळ न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर आले, मोठे ट्रेलर आले. द्राक्ष, कांदा, साखर, कारखान्यांचा माल, सगळ्याला गाड्या लागू लागल्या. २०१७ साली जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. तिकडे मालाला ड्रायव्हर कमी पडत होते आणि इकडे एसटीचा पगार महागाईच्या मागे पडत होता. त्यात २०२० साली करोना आला, गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, पगार लांबायला लागले.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, ही मुख्य मागणी. नोव्हेंबरमध्ये राज्यातले जवळजवळ सगळे डेपो बंद पडले. २४ नोव्हेंबरला सरकारने पगारवाढ जाहीर केली. नव्या कर्मचाऱ्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना ४,००० आणि त्याहून जुन्यांना २,५०० रुपये. काही जण कामावर आले, पुष्कळ जण आले नाहीत. निलंबन झालं, बडतर्फी झाली. काही कर्मचाऱ्यांनी जीव दिला, ते दुःख विसरण्यासारखं नाही. विलीनीकरण झालं नाही. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या.

या जवळपास सहा महिन्यांत घरं कशी चालली? कुणी भाजी विकली, कुणी शेतात मजुरीला गेलं. ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तो ट्रकवर बसला. संप मिटल्यावर बहुतेक जण परत आले, काही तिकडेच राहिले. आणि घरचा गाडा कुणी ओढला? अंगणवाडी, शिवणयंत्र, शेळ्या, बचत गटाचं कर्ज. हे कुठल्या अहवालात ठळकपणे लिहिलेलं दिसत नाही, पण आपल्या गटांच्या वह्यांमध्ये ते सापडेल. त्या महिन्यांचे हप्ते काढून बघा.

आता दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवते. पहिलं, मे २०२० चं. प्रवासी नव्हते म्हणून एसटीने जुन्या गाड्यांतली आसनं काढून त्यांचे मालट्रक केले. रत्नागिरीहून बोरिवलीला हापूसच्या पेट्या गेल्या. पुढे या सेवेला 'महाकार्गो' नाव मिळालं. तो चालक माल नेत होता, पण त्याचं नाव एसटीच्याच हजेरीपटावर होतं. पगार, पीएफ, रजा, सगळं तसंच. दुसरं उदाहरण शिवशाहीचं. २०१७ पासून आलेल्या शिवशाही गाड्यांपैकी काही भाड्याने घेतलेल्या होत्या. त्या गाड्यांवर नाव एसटीचं, आत प्रवासी एसटीचे, पण चालक कंत्राटदाराचा. त्याला एसटीचा पगार नाही, एसटीचा पास नाही.

बघा मैत्रिणींनो. एक जण ट्रक चालवूनही एसटीचा, दुसरा बस चालवूनही एसटीचा नाही. म्हणजे घर बदलतं ते गाडीमुळे नाही. नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे, त्यामुळे बदलतं. 'ट्रक वाईट, बस चांगली' असं म्हणून भागणार नाही. मोठ्या वाहतूक कंपनीत नेमणूकपत्र, पीएफ आणि विमा देऊन ठेवलेले ट्रकचालकही आहेत. प्रश्न कागदाचा आहे.

कामाचा फरक मात्र खरा आहे, तोही सांगायला हवा. एसटीवाल्याला ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे आणि शेजारी वाहक असतो. ट्रकवर बिल्टी सांभाळायची, ताडपत्री बांधायची, टायर बघायचे, वजनकाट्यावर उभं राहायचं. माल उतरेपर्यंत दोन दोन दिवस गोदामाबाहेर थांबायचं, आणि खेपेवर पैसे असतील तर त्या थांबण्याचे पैसे पुष्कळदा मिळत नाहीत. भरलेली गाडी रिकाम्या गाडीसारखी थांबत नाही, घाटात तर नाहीच. रात्रीची झोप केबिनमध्ये. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि मोठ्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. हे चांगलं झालं, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या जुन्याच आहेत.

अपघाताची भीतीही मोठी. नव्या न्याय संहितेत अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम आलं, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी चाकं थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ते कलम तूर्त लागू न करण्याचं सरकारने ठरवलं. ट्रकवाल्यांचं म्हणणं साधं होतं. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो. त्यांच्या पाठीशी डेपो मॅनेजर नसतो, हे त्यामागचं दुखणं.

आणि हे सगळं फक्त नवऱ्यांचं, मुलांचं आहे असं समजू नका. जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एसटी चालवली. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी पतीच्या निधनानंतर मुलांसाठी ट्रक चालवायला लागल्या. कायद्याचं शिक्षण घेतलेली बाई हजारो किलोमीटर माल नेते. उद्या तुमची मुलगी परवाना काढते म्हणाली, तर तिलाही हेच हिशेब लागतील.

ते हिशेब असे. एसटी सोडायची बोलणी घरात निघाली तर राजीनाम्याआधी वही घेऊन बसा. नोकरीला किती वर्षं झाली ते मोजा. ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षं लागतात, पीएफच्या पेन्शनला दहा. त्याला थोडेच महिने कमी असतील, तर तेवढं थांबणं म्हातारपणाला आधार देऊन जाईल. पीएफ लगेच काढून खर्चू नका, तोच क्रमांक पुढच्या नोकरीत चालतो. ट्रकमालकाला विचारा: नेमणूकपत्र देणार का? पैसे महिन्यावर की खेपेवर? थांबलेल्या दिवसाचे काय? पैसे बँकेत येणार की रोख? गाडीच्या विम्यात चालक धरलाय का? कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय. एका ट्रकच्या मालकालाही ते चुकत नाही. पण हा माणूस त्याच्याकडे कामाला होता, हे दाखवायला कागद लागतो. म्हणून परवाना, बिल्टी आणि मालकाच्या नाव-पत्त्याची एकेक प्रत घरच्या डब्यात ठेवा. आणि नवऱ्याने स्वतःचाच ट्रक कर्जावर घ्यायचं काढलं, तर सही करण्याआधी विम्याचा, टायरचा आणि उभ्या राहिलेल्या महिन्याच्या हप्त्याचा हिशेब गटात मांडा. चार बायकांच्या नजरेतून गेलेला हिशेब सहसा फसत नाही.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. गटातल्या किती घरांत ड्रायव्हर आहे ते मोजा, आणि त्यातल्या किती जणांकडे नेमणुकीचा कागद आहे ते विचारा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.