पाळणाघर ते प्राथमिक शाळा : कोसबाडची विकासवाडी

मराठी माणूस परप्रांतात गेला, की तेथे तो काय घेऊन गेला याची नोंद आपण अभिमानाने ठेवतो. तेथून काय शिकून आला, याची नोंद ठेवण्यास मात्र विसरतो. ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाची दीक्षा भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात घेतली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 1945 साली डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाच्या प्रयोगास आरंभ झाला. अनुताई वाघ त्याच वर्षी या कार्यात दाखल झाल्या. जी मुले बालवाडीत येऊ शकत नव्हती, त्यांच्या वस्तीतील अंगणातच वर्ग भरू लागला. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून रूढ झाला.

1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. तेथील अडचण निराळी होती. आईबाप मजुरीस जात आणि थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत घरी राही. तिच्या गैरहजेरीस आळस अथवा अनास्था म्हणणे अन्यायाचे होते. वयाच्या आठव्या वर्षीच ती घरातील कर्ती झाली होती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. मुलीने भावंडास कडेवर घेऊन यावे, पाळणाघरात सोपवावे आणि निर्धास्तपणे वर्गात बसावे, अशी ही योजना होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेण्यात आली. तिचे नाव ‘कुरणशाळा’.

ताराबाई 1973 साली निवर्तल्या. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले आणि एक मराठी शब्द देशभर पोहोचला. प्राथमिक शाळेच्या आवारातच अंगणवाडी असावी, हा विचार 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही आढळतो.

नाव सर्वत्र गेले, त्यामागील तत्त्व तितके दूरवर पोहोचले काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. भावंडाची सोय झाल्याखेरीज मुलीच्या शिक्षणाचा आग्रह धरणे व्यर्थ होय, हे कोसबाडने ओळखले होते. आपल्या मंडळाच्या आसपासही कामावर जाणाऱ्या माता आणि घर राखणाऱ्या मुली आहेतच. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी त्यांच्यासाठी मंडळाच्या वास्तूतील एक खोली दुपारपुरती उघडता आली, तर भावनगरहून आणलेल्या त्या विद्येचे ऋण परप्रांतातच अंशतः फिटेल.